नीट हुकली म्हणून बी.एस्सी. केमिस्ट्री? नाव टाकण्याआधी पुढचा रस्ता पाहा

उमरी : पेरणी आटोपली. बियाण्याचा, खताचा पैसा मातीत गेला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव असूनही बहुतेकांनी बाजारात त्यापेक्षा कमी भावानं माल घातला, त्यामुळं हातात फारसं काही उरलं नाही. अशा दिवसांत तालुक्यातल्या कितीतरी घरांसमोर आता दुसरा खर्च उभा आहे, तो म्हणजे बारावी झालेल्या लेकराचं ॲडमिशन.

बारावीचा निकाल ५ मे २०२५ ला लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, तर आपला लातूर विभाग ८९.४६ टक्क्यांवर, म्हणजे राज्यात सर्वांत खाली राहिला. १४ जूनला नीटचा निकाल आला. देशभरात २२ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली आणि एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. त्यातही सरकारी जागा निम्म्याच्या जवळपास. म्हणजे लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये दोन वर्षं घातलेल्या बहुतेक लेकरांना डॉक्टरकी मिळणार नाही, हे गणित परीक्षेच्या आधीच ठरलेलं असतं.

मग दोनच वाटा दिसतात. एक तर पुन्हा वर्षभर ‘रिपीट’ करायचं, नाहीतर जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव टाकायचं. बी.एस्सी. म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी केमिस्ट्री. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘केमिस्ट्रीला स्कोप आहे म्हणतात.’

स्कोप आहे, हे खोटं नाही. पण केमिस्ट्री ही काही एकच पदवी नाही. रसायनाचा अभ्यास करण्याचे चार-पाच वेगवेगळे रस्ते आहेत आणि प्रत्येक रस्त्याच्या शेवटी उघडणारं दार वेगळं आहे. कोणत्या पदवीवर कोणतं काम करायला कायदा परवानगी देतो, हे नाव टाकण्याआधी माहीत असलं तर तीन वर्षांनी पस्तावण्याची वेळ येत नाही.

दुकानाच्या पाटीवरचा केमिस्ट वेगळा

सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. मेडिकल दुकानाच्या पाटीवर ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहिलेलं असतं. त्यामुळं बी.एस्सी. केमिस्ट्री झालं की मेडिकल टाकता येईल, असा कित्येक पालकांचा समज आहे. तसं होत नाही. मेडिकल दुकानात औषध देण्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि ती नोंदणी डी.फार्म किंवा बी.फार्म झालेल्यालाच मिळते. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, तरी त्या पदवीवर मेडिकलचं लायसन निघत नाही. औषध निरीक्षकाच्या पदालाही फार्मसीचीच पदवी लागते, काही प्रकारात वैद्यकीय पदवी चालते. केमिस्ट्रीची चालत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. औषधं जिथं तयार होतात त्या कारखान्यात बी.एस्सी. केमिस्ट्रीला कायद्यानं जागा दिलेली आहे. औषध नियमांनुसार उत्पादनावर देखरेख करणारा माणूस फार्मसीचा पदवीधर असू शकतो, तसाच केमिस्ट्री हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेलाही असू शकतो. फरक इतकाच की फार्मसीवाल्याला १८ महिन्यांचा अनुभव पुरतो, बी.एस्सी.वाल्याला औषध उत्पादनातला ३ वर्षांचा अनुभव लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. खत आणि कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आहे. त्यात बी.एस्सी. ॲग्रीसोबत केमिस्ट्री विषय असलेली बी.एस्सी.ही चालते. म्हणजे ज्या पदवीवर मेडिकल टाकता येत नाही, तिच्यावर कृषी सेवा केंद्र टाकता येतं. ज्याला गावातच राहून शेती आणि दुकान दोन्ही बघायचंय, त्याच्यासाठी ही बारीक गोष्ट नाही.

चार रस्ते, चार हिशेब

पहिला रस्ता साध्या बी.एस्सी.चा. आपल्या भागात धर्माबाद, नायगाव, भोकर, नांदेड इथं तो करता येतो. प्रवेश बारावीच्या मार्कांवर होतो. अनुदानित कॉलेजात फी झेपण्यासारखी असते आणि घरून जाऊन-येऊन शिकता येतं. पुढं एम.एस्सी. करायची तर विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं रसायनशास्त्र संकुल आहे. हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. मात्र नुसत्या तीन वर्षांवर मिळणारी नोकरी साधारण कंपनीतल्या शिफ्टच्या कामाची असते. वर जायचं तर पुढचं शिक्षण लागतंच.

दुसरा रस्ता पाच वर्षांच्या एकत्रित पदवीचा. पुण्यातली आयसर ही केंद्र सरकारची संस्था २००६ पासून आहे. तिथं बारावीनंतर थेट पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम असतो आणि शेवटी संशोधनाचं काम करावं लागतं. प्रवेशासाठी आयएटी नावाची वेगळी परीक्षा आहे, नीट किंवा जेईईवर तिथं जागा मिळत नाही. मुंबईच्या कलिना भागातलं सीईबीएस आणि भुवनेश्वरचं नायसर यांच्यासाठी नेस्ट ही परीक्षा असते. २०२५ ची आयएटी २५ मे रोजी आणि नेस्ट २२ जून रोजी झाली. म्हणजे त्या वर्षीची गाडी तेव्हाच सुटली. पण अकरावी-बारावीत असलेल्यांनी आत्ताच टिपून ठेवावं, कारण नीटचाच अभ्यास केलेल्या मुलाला केमिस्ट्री आणि बायोलॉजी तिथं कामाला येतं. आपल्या तालुक्यात अडचण हुशारीची नसते. फॉर्म कधी निघाला आणि कधी बंद झाला, हेच कळत नाही.

तिसरा रस्ता केमिकल इंजिनिअरिंगचा. पालक याला आणि केमिस्ट्रीला एकच समजतात. घरात चार माणसांची भाजी करणं आणि सप्ताहात चार हजार माणसांची पंगत उठवणं यात जो फरक, तोच या दोघांत आहे. केमिस्ट प्रयोगशाळेत पदार्थ कसा बनतो, शुद्ध आहे का, हे पाहतो. इंजिनिअर तोच पदार्थ टनावारी बनवायला किती मोठी टाकी, किती उष्णता, किती दाब लागेल, हे बघतो. नांदेडला विष्णुपुरीच्याच एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकलची शाखा आहे. नागपूरचं एलआयटी १९४२ पासूनचं. मुंबईचं आयसीटी, म्हणजे जुनं यूडीसीटी, १९३३ चं. त्याच आयसीटीचं केंद्र २०१८ पासून मराठवाड्यात जालन्याला सुरू झालंय. पण या रस्त्याला बारावीत गणित लागतं आणि प्रवेश परीक्षाही लागते. अकरावीलाच ‘डॉक्टरच करायचंय’ म्हणून गणित सोडलं की हे दार तिथंच बंद होतं.

चौथा रस्ता फार्मसीचा. डी.फार्म दोन वर्षांचं, बी.फार्म चार वर्षांचं. बी.फार्मला सीईटी लागते, पण गणित नसलेलाही बायोलॉजीवर जाऊ शकतो. मेडिकल दुकान, दवाखाना, औषध कंपनी, औषध निरीक्षक ही सगळी दारं इथून उघडतात. फी मात्र साध्या बी.एस्सी.पेक्षा बरीच जास्त असते.

आणि ज्यांची ऐपत किंवा इच्छा पदवीपर्यंतची नाही, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये रासायनिक कारखान्याचे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. प्लांट चालवणाऱ्याचा एक आणि प्रयोगशाळा सहायकाचा एक. दहावीवर होतात. तीन वर्षं फक्त परीक्षेपुरतं कॉलेजला जाणाऱ्यापेक्षा हा मुलगा कारखान्यात लवकर उभा राहतो.

मुलींच्या फीचा मुद्दा

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बी.फार्म आणि इंजिनिअरिंग व्यावसायिकमध्ये येतात. साधी बी.एस्सी. येत नाही. ‘पोरगीये, कशाला जास्त फी भरायची, जवळ बी.एस्सी.ला टाका’ असं म्हणणाऱ्या बापाचा हिशेब इथं उलटा पडू शकतो. जी पदवी महाग वाटते तीच फीच्या बाबतीत मुलीला फुकट मिळू शकते. राहतो तो राहण्या-खाण्याचा आणि येण्या-जाण्याचा खर्च. तो छोटा नाही, पण फी धरून केलेल्या हिशेबापेक्षा निराळा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीसोबत राहण्याच्या खर्चाला स्वाधार आणि स्वयम् योजना आहेत. हे सगळे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला वेळेत नसला की वर्ष हातचं जातं. दाखले जुलै-ऑगस्टमध्ये काढायला निघणं म्हणजे पाऊस पडल्यावर बियाणं शोधायला जाणं.

तीन वर्षं की चार?

नव्या शैक्षणिक धोरणामुळं पदवीचा साचाच बदललाय. विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. आता पहिल्या वर्षानंतर थांबलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी मिळते.

यात फसायला जागा आहे. ‘एका वर्षातही सर्टिफिकेट मिळतं’ हे ऐकायला बरं वाटतं. पण औषध कारखान्याचा नियम असो की खताचा परवाना, तिथं केमिस्ट्रीचा पदवीधर मागतात. एक-दोन वर्षांच्या कागदावर ती दारं उघडत नाहीत. त्यामुळं अधे-मधे थांबण्याची सोय ही अडचणीतली सोय आहे, ठरवून घ्यायची वाट नव्हे.

पण अडचण आलीच, तर ती सोय खरोखर कामाची आहे. बापाचं आजारपण, दुष्काळाचं वर्ष, मुलीचं मध्येच लागलेलं लग्न, अशा कारणांनी शिक्षण तुटणं आपल्याकडं नवं नाही. पूर्वी तुटलं की शिकलेलं वाया जायचं. आता मिळवलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावानं ऑनलाइन खात्यात जमा राहतात. यूजीसीच्या आराखड्यानुसार बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. म्हणून प्रवेश घेतल्यावर कॉलेजमध्ये हे खातं उघडलं का, क्रेडिट जमा होतात का, हे विचारावं. लग्न ठरवतानाही सासरच्यांपुढं हा विषय काढायला हरकत नाही. राहिलेलं एक वर्ष नंतर करता येतं, हे त्यांनाही माहीत असावं.

चौथं वर्ष करायचं का, याचं उत्तर पुढच्या बेतावर आहे. तीन वर्षं करून दोन वर्षांची एम.एस्सी. केली तर पाच वर्षं. चार वर्षं करून एक वर्षाची एम.एस्सी. केली तरी पाचच. वेळ सारखाच. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के किंवा तितका ग्रेड असेल तर एम.एस्सी. न करताही नेट देता येते आणि पीएच.डी.ला जाता येतं. संशोधनात जाणाऱ्याला त्याचा फायदा. पण सगळ्याच कॉलेजांत चौथं वर्ष चालेल असं नाही, एक वर्षाची एम.एस्सी.ही सगळीकडं असेल असं नाही. नोकरीच करायची असेल तर तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणं सरळ.

मास्तरकीची इच्छा असणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. नववी-दहावीला शिकवायला बी.एस्सी. आणि बी.एड. लागतं. ज्युनिअर कॉलेजला एम.एस्सी. आणि बी.एड. लागतं. सध्या बी.एड. दोन वर्षांचं आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचं बी.एड. आणण्याचा मसुदा २०२५ मध्ये निघाला, पण मसुद्यावर प्रवेश घेऊ नये. सीनिअर कॉलेजला नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. आणि बी.एड. झालं म्हणजे नोकरी लागली असं नाही. पात्रता परीक्षा, पवित्र पोर्टल आणि भरतीची वाट पाहणं, हे सगळं त्यात धरावं लागतं.

काम कुठं मिळतं?

उमरी तालुक्यातच वाघलवाड्याला साखर कारखाना आहे. गाळपाच्या सीझनला तिथल्या प्रयोगशाळेत रसातली साखर तपासली जाते. उतारा किती पडला ते त्यावरून निघतं आणि ऊसवाल्याच्या पैशाचा हिशेब उताऱ्याशी बांधलेला असतो. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी होती आणि त्यापुढं प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढत होते. शंभर टन ऊस घालणाऱ्याला ०.१ टक्क्याचा फरक म्हणजे जवळपास साडेतीन हजार रुपये. हे काम केमिस्टचं. लॅब केमिस्टपासून चीफ केमिस्टपर्यंत पदं असतात. बी.एस्सी.नंतर पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर तंत्रज्ञान शिकलेल्याला तिथं वरची जागा मिळते. नुसत्या बी.एस्सी.वर काम मिळतं ते बरेचदा सीझनपुरतं.

दुसरं मोठं ठिकाण म्हणजे औषध कारखाने. उमरीच्या स्टेशनवरून जाणारी रेल्वे निजामाबादमार्गे थेट सिकंदराबादला पोचते. हैदराबादच्या आजूबाजूला, पाटणचेरू आणि जीडीमेटलाच्या पट्ट्यात, औषधाचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. या उद्योगाची सुरुवात १९६० च्या दशकात तिथं आलेल्या आयडीपीएल या सरकारी कारखान्यापासून झाली. त्याच कारखान्यात नोकरी केलेले अंजी रेड्डी यांनी १९८४ ला डॉ. रेड्डीज ही कंपनी काढली. ते गुंटूर जिल्ह्यातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे चिरंजीव. मुंबईच्या यूडीसीटीत त्यांनी औषध आणि सूक्ष्म रसायनांची पदवी घेतली आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी. केली. प्रत्येक जण अंजी रेड्डी होत नाही. पण हळदवाल्याच्या घरातून आलेल्या त्या मुलानं नुसती ‘सायन्स’ म्हणून पदवी घेतली नव्हती. ज्या धंद्यात जायचं त्याच धंद्याची घेतली होती, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरचं वाळूज, पुणे जिल्ह्यातलं कुरकुंभ, कोकणातलं महाड, लोटे आणि तारापूर, गुजरातेत वापी, अंकलेश्वर ही केमिस्टच्या कामाची ठिकाणं. नायगाव तालुक्यातली कृष्णूरची एमआयडीसी तर आपल्या उशालाच. औषध कंपन्यांत ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेल्याला संशोधन आणि तपासणीच्या विभागात जागा मिळते. बी.एस्सी.वाला बहुधा उत्पादनात आणि शिफ्टवर असतो.

सरकारी बाजूलाही काम आहे. खून, विषबाधेच्या प्रकरणात ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं आपण बातमीत वाचतो. तो तपासणारे रासायनिक विश्लेषकच असतात आणि नांदेडला त्याची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्यानं बंधनकारक केलंय. याशिवाय माती तपासणी, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. एम.एस्सी. केमिस्ट्रीवर अन्न सुरक्षा अधिकारी होता येतं. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला केमिस्ट्रीची पदवी चालते. पण या जागा थोड्या आणि अर्ज फार. त्यांच्या भरवशावर घर चालत नाही, तयारी सोबत चालू ठेवता येते.

कारखान्यातली जोखीमही पाहा

३० जून २०२५ ला तेलंगणातल्या संगारेड्डी जिल्ह्यात पाशमैलारमच्या औद्योगिक वसाहतीत औषध उद्योगासाठी माल बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात चाळीसहून अधिक जीव गेले. बाहेरून पोटासाठी आलेली माणसं त्यात बरीच होती. पाशमैलारम पाटणचेरूच्या जवळच आहे, म्हणजे आपली पोरं ज्या पट्ट्यात कामाला जातात तोच हा भाग.

म्हणून रसायनाच्या कारखान्यात जाऊच नये, असा अर्थ नाही. पण नोकरी लागली म्हणून पेढे वाटण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. नेमणूक कंपनीच्या पेरोलवर आहे की ठेकेदाराकडं? पीएफ, ईएसआयसी कापतात का? सुरक्षेचं प्रशिक्षण किती दिवस देतात? मास्क, गॉगल, हातमोजे कंपनी देते का? ज्याला केमिस्ट्री खरंच समजलेली असते, त्याला कोणत्या टाकीजवळ ठिणगी चालत नाही, कोणता वास आला की पळायचं, हेही समजतं. ज्यानं वहीत नुसतं उतरवून पदवी घेतली, तो तिथं स्वतःसाठी आणि शेजारच्यासाठी धोका असतो.

रिपीट करायचं तर कशासाठी?

तालुक्यातले कित्येक बाप दुसऱ्या, तिसऱ्या नीटसाठी क्लासची फी, हॉस्टेल, मेस असा खर्च करतात. प्रसंगी रान गहाण पडतं. मार्क कट-ऑफच्या जवळ असतील तर एक वर्ष पुन्हा देणं समजू शकतं. पण मार्क फारच लांब असतील तर तोच पैसा पदवीच्या दोन वर्षांना पुरला असता, हे मुलासमोर बसून बोलावं. रिपीट करायचंच ठरलं तर त्याच वर्षात नीटसोबत सीईटी, आयएटी आणि नेस्टचेही फॉर्म भरावेत. अभ्यास बराचसा तोच आहे. एकाच परीक्षेवर सगळं लावणं म्हणजे सगळ्या रानात एकच वाण पेरणं.

आणि जो बी.एस्सी.ला जाईल त्यानं ‘नीट हुकली म्हणून आलो’ हे मनातून काढावं. तीन वर्षं मन लावून केली तर आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा देता येते, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात सीयूईटीनं जाता येतं. पुढं सीएसआयआर नेटमधून जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप मिळते, म्हणजे पीएच.डी. करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत. आयआयटीत काही ठिकाणी एम.एस्सी.लाही बारावीचं किंवा पदवीचं गणित मागतात. त्यामुळं जमत असेल तर मेजर केमिस्ट्री घेताना जोडीचा विषय गणित किंवा फिजिक्स ठेवणं फायद्याचं.

कॉलेज बघायला गेल्यावर

प्रॉस्पेक्टसवरचे फोटो बघून काही कळत नाही. लॅबमध्ये जाऊन उभं राहावं. बेसिनला पाणी आहे का, बर्नरला गॅस येतो का, ब्युरेट वापरातले आहेत की कपाटात धूळ खात आहेत, हे डोळ्यांना दिसतं. केमिस्ट्रीचे कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे विचारावं. मागच्या वर्षी आठवड्याला किती प्रॅक्टिकल झाले, ते कॉलेजच्या माणसाला नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं. कंपनीच्या मुलाखतीत नॉर्मॅलिटी म्हणजे काय, पीएच कसा मोजतात, टायट्रेशन कसं केलं, असलेच प्रश्न येतात. हात लावलेला मुलगा सांगतो, वही भरलेला गप्प बसतो.

अंतर हाही मुद्दा आहे. रोजच्या येण्या-जाण्यात वेळ जाऊन प्रॅक्टिकल बुडत असतील, तर स्वस्त कॉलेज महागात पडतं.

या आठवड्यात काय करावं

घरात बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. लेकराला शेवटी कोणतं काम करायचंय, दुकान, कारखाना, शाळा की संशोधन? त्या कामाला कोणती पदवी कायद्यानं लागते? ती पुरी व्हायला किती वर्षं लागतील? तितकी वर्षं घर थांबू शकतं का, आणि नाही थांबलं तर मध्ये कुठं उतरता येईल?

दुकान हवं असेल तर ते मेडिकलचं की कृषी सेवा केंद्राचं, यावरून फार्मसी की बी.एस्सी. ते ठरतं. कारखान्यात लवकर लागायचं असेल तर तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा आयटीआय. वरच्या जागेवर जायचं असेल तर एम.एस्सी. किंवा केमिकल इंजिनिअरिंग, म्हणजे चार-पाच वर्षांची तयारी. शाळेवर जायचं असेल तर बी.एड. धरून पाच वर्षं आणि वर भरतीची वाट.

हा कागद लिहिताना लेकरू समोर असावं. पैसा बापाचा असला तरी प्रयोगशाळेत तीन वर्षं लेकरालाच उभं राहायचंय. सीईटीच्या कॅप राऊंडचं वेळापत्रक सीईटी सेलच्या संकेतस्थळावर येत राहतं. दाखले नसतील तर उद्याच्या उद्या सेतू केंद्र गाठावं.